जुन्या खतावणीचे एक पान

सातारा जिल्ह्यातील एका बाजारगावात किराणा आणि भुसाराची एक जुनी पेढी आहे. आजोबांनी मांडलेली, वडिलांनी वाढविलेली आणि आता तिसऱ्या पिढीच्या हाती आलेली. २०१८ च्या उन्हाळ्यात, चातुर्मासाची चाहूल लागण्यापूर्वी, दुकानाच्या माळ्याची दुरुस्ती निघाली. गवंड्यांनी माळा मोकळा करून मागितला, तेव्हा वरून लाल कापडी पुठ्ठ्यांच्या वह्यांचा एक गठ्ठा खाली आला. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या. आतली शाई मात्र शाबूत होती. संवत् २०२० पासून २०२८ पर्यंतच्या त्या खतावण्या होत्या.

शेठजी त्या चाळत बसले, ते केवळ आजोबांचे अक्षर पाहण्याच्या ओढीने. मोडी वळणाची ती अक्षरे त्यांना धड लागत नव्हती. एका पानावर मात्र त्यांची नजर थांबली. वर एका बाईचे नाव, तिच्या वाडीचे नाव आणि कंसात एकच शब्द होता : ‘पलटण’. नावे बाजूला ज्वारी, गूळ, गोडेतेल, मीठ, काडेपेटी असा महिनाभराचा माल आणि जमा बाजूला दर महिन्याला एकच नोंद, ‘म. ऑ. आली’. अशी नऊ वर्षे. एकही महिना चुकला नव्हता. शेवटच्या ओळीत आजोबांनी लिहिले होते, ‘बाकी निरंक’.

ते नाव कोणाच्या आईचे, हे शेठजींच्या लगेच ध्यानात आले आणि वही त्यांच्या हातात जड झाली. कारण त्या बाईचा मुलगा, आता बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांचा वृद्ध, गेल्या चार महिन्यांत दुकानाच्या पायरीवर चढला नव्हता. तो का चढला नाही, हे शेठजींना पक्के ठाऊक होते.

त्या वर्षीच्या २६ जानेवारीला गावातील संघाने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. कल्पना चांगली होती आणि तिच्यामागचा भावही खरा होता. पंचक्रोशीतील पंधरा-सोळा माजी सैनिकांना बोलावणे गेले. शाल, श्रीफळ आणि प्रत्येकाला धान्याची एक थैली असा बेत ठरला. धान्य शेठजींच्या पेढीवरून गेले. थैलीवर पेढीचे नाव छापलेले होते. त्यात वाईट काही आहे असे कोणालाच वाटले नाही. निवृत्तिवेतन घेणारे सुभेदार, हवालदार आले, त्यांनी शाल स्वीकारली आणि थैली हसून बाजूच्या गरजू माणसाला दिली. पण एका कार्यकर्त्याने उत्साहाच्या भरात ध्वनिक्षेपकावरून सांगितले, की या आबांना पेन्शनदेखील मिळत नाही, तरी त्यांना आपण दोन थैल्या देऊ या. टाळ्या झाल्या. छायाचित्र निघाले. संध्याकाळपर्यंत ते गावातल्या प्रत्येक भ्रमणध्वनीवर पोहोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडते न उघडते तोच आबा आले. दोन्ही थैल्या, शिवणही न उसवलेल्या, त्यांनी गादीच्या कडेला ठेवल्या.

“शेठ, हे माघारी घ्या.”

“आबा, असं का करता? प्रेमानं दिलंय.”

“तुमच्या आजोबांनी माझ्या आईला नऊ वर्षं उधार माल दिला. तिला कधी कमीपणा वाटला नाही. ते खात्यावर होतं. हे खात्यावर नाही.”

एवढे बोलून ते वळले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर शेठजींना समजूत काढता आली असती.

ज्या घरांचा सैन्याशी संबंध आलेला नाही, अशा अनेक घरांत एक समज आढळतो : फौजेतून परतला म्हणजे त्याला पेन्शन असणारच. तसे नाही. जवानाला सेवा-निवृत्तिवेतन मिळण्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांची सेवा पूर्ण व्हावी लागते. त्याआधी घरच्या अडचणीमुळे नाव कमी करून आलेला माणूस सैनिक म्हणून कितीही चांगला असला, तरी दरमहा हातात येणारी रक्कम त्याला नसते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या सैनिकांना २००३ पासून अंशदायी आरोग्य योजनेचा, म्हणजे ज्याला सगळे ‘ईसीएचएस’ म्हणतात तिचा, आधार आहे. बिगर-पेन्शनर जवानाला सामान्यतः तोही मिळत नाही. तारुण्यात हे जाणवत नाही. हातपाय चालत असतात. सत्तरी उलटली की जाणवते.

आबांची कथा अशीच होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याचा विस्तार सुरू झाला, त्या लाटेत १९६३ मध्ये ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. सातारा जिल्ह्यात हे नवल नव्हे. सातारा शहराजवळचे अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. जिरायती जमीन, लहरी पाऊस आणि घरटी एक मुलगा पलटणीत, हा या भागाचा शिरस्ताच होता. आबांनी १९६५ पाहिले. १९७१ च्या डिसेंबरात ते पूर्व आघाडीवर होते. त्यानंतरच्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला, त्यातच वडील वारले, धाकटी भावंडे पोरकी झाली. आई एकटी पडली म्हणून नऊ वर्षांच्या सेवेनंतर ते नाव कमी करून घरी आले. पुढे दुष्काळी कामावर खडी फोडली, शेती केली, एका साखर कारखान्यात हंगामी रखवाली केली. मुलगा होता, तो ऐन उमेदीत आजाराने गेला. आता घरात ते आणि त्यांची पत्नी, दोघेच.

माळ्यावरच्या वह्या खाली आल्या त्या रात्री शेठजींनी ते पान आपल्या मातोश्रींना दाखविले. त्यांची दृष्टी मंदावली होती. स्मरण मात्र लख्ख होते.

“बाई, हे खातं आठवतं का?”

“न आठवायला काय झालं? तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाचं पत्र आलं की ती आधी दुकानात यायची. तुझे आजोबा गिऱ्हाईक बाजूला ठेवून तिला पत्र वाचून दाखवायचे. उत्तरही तेच लिहायचे. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला की अंगठ्याला साक्ष त्यांचीच.”

मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “आणि एक लक्षात ठेव. दुष्काळाच्या साली शेतकऱ्यांची सगळी उधारी अडकली होती. पुण्याच्या व्यापाऱ्याचं देणं डोक्यावर. तेव्हा गल्ल्यात रोख यायची ती फक्त पलटणीतल्या घरांची. त्या मनिऑर्डरींवर आपलं दुकान तगलं. आपण त्यांना जगवलं असं म्हणतात लोक. त्यांनीही आपल्याला जगवलं.”

शेठजींनी हिशेबाची हजारो पाने पाहिली होती, पण एखादे खाते उलट्या बाजूनेही वाचता येते, हे त्यांना त्या रात्री प्रथमच उमगले. ज्याला ते उपकाराची थैली देऊ गेले होते, त्याच्याकडे पेढीचेच काही देणे निघत होते.

त्या वर्षीच्या चातुर्मासात हा विषय संघाच्या बैठकीत पुन्हा निघाला. एका ज्येष्ठ सभासदाने प्रामाणिक शंका मांडली. आपला धर्म अहिंसेचा. सैनिकाचे कार्य शस्त्राचे. मग त्यांच्यासाठी संघाने स्वतंत्र काही करावे, हे आपल्या तत्त्वांत कितपत बसते? शंका टाळण्यासारखी नव्हती. साध्वीजींना विचारले गेले. त्यांनी शांतपणे सांगितले, की शास्त्रकारांनी हिंसेचे चार प्रकार मानले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. जाणूनबुजून, हेतुपुरस्सर केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा वर्ज्य आहे. पण स्वतःच्या, आश्रितांच्या आणि देशाच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे धर्माने जाणले आहे. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींची भव्य मूर्ती घडविणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. महाराणा प्रतापांच्या पडत्या काळात आपली संपत्ती त्यांच्यापुढे ठेवणारा भामाशाह जैनच होता. ते धन सैन्याच्याच पोटात गेले. आणि हे सारे बाजूला ठेवले, तरी म्हाताऱ्या, आजारी, एकाकी जीवाची वेदना दूर करताना त्याने तरुणपणी कोणता व्यवसाय केला हे विचारावयाचे असते काय? अनुकंपेला अशी चौकशी मान्य नाही.

पुढे साध्वीजींनी सम्यक्त्वाच्या आठ अंगांपैकी एकाचा उल्लेख केला : स्थितिकरण. डळमळीत झालेल्याला पुन्हा त्याच्या जागी स्थिर करणे, असा त्याचा भाव. शब्द धर्मश्रद्धेच्या संदर्भातला खरा. तरी व्यवहारातही त्याचा प्रकाश पडतो. दान देणारा पुष्कळदा घेणाऱ्याला एक पायरी खाली उतरवून देतो. स्थितिकरणात त्याला होता तिथे परत उभे करावयाचे असते. आपल्याकडे गुप्तदानाला जो मान आहे, तो याचसाठी आहे.

हे ऐकताना शेठजींच्या डोळ्यांपुढे त्या दोन थैल्या आणि त्यांवरचे पेढीचे नाव उभे राहिले.

संवत्सरीचे प्रतिक्रमण झाले. दुसऱ्या दिवशी आप्तस्वकीयांकडे क्षमापनेसाठी जाण्याची रीत. बाजारपेठेतील सर्व घरे झाल्यावर शेठजी एकटेच वाडीकडे निघाले. मोटार त्यांनी मुद्दामच वाडीबाहेर उभी केली. आबा ओसरीवर विळ्याची मूठ बसवीत होते. शेठजींनी हात जोडले आणि म्हणाले, “आबा, मिच्छामि दुक्कडम्. जानेवारीत आमच्याकडून तुमचा अपमान झाला. जाणून केला नव्हता, पण झाला. क्षमा करा.”

आबांना शब्द कळले नसतील, अर्थ कळला. त्यांनी विळा बाजूला ठेवला, घोंगडी झटकून अंथरली. आतून त्यांच्या पत्नीने पाणी आणले. पेला धरताना तिचा हात कापत होता. तिला मधुमेह होता, पायाची जखम भरत नव्हती. शेठजींनी आपल्यासोबत आणलेल्या जुन्या खतावणीचे पान उघडले. आबांनी त्यावर बोट फिरविले. आईचे नाव त्यांनी दोनदा वाचले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग शेठजींनी विचारले, “आबा, धान्य नको, कळलं. पण काही अडलंय का?”

“अडलंय ते कागदात अडलंय,” आबा म्हणाले.

पत्र्याच्या ट्रंकेतून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले डिस्चार्ज बुक काढले. पावसाळ्यात घर गळाल्याने त्याची काही पाने चिकटली होती. मुख्य अडचण वेगळीच होती. भरतीच्या वेळी त्यांचे आडनाव म्हणून कुळाचे नाव लिहिले गेले. गावात, सातबाऱ्यावर आणि आधार कार्डावर मात्र गावावरून पडलेले आडनाव होते. कागदांच्या दृष्टीने ही दोन माणसे होती. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा खिडकीवर कोणीतरी त्यांना सांगितले होते, की पेन्शन नाही म्हणजे तुम्हाला काहीच नाही. त्यांनी ते खरे मानले. सैनिकाला दोनदा विचारण्याची सवय नसते.

शेठजींना इथे आपला हुरूप परत आला, कारण हे काम त्यांच्या ओळखीचे होते. नावातला फरक, हरवलेली पावती, न जुळणारी नोंद, मुदतीत भरावयाचे विवरणपत्र यांतच व्यापाऱ्याचे आयुष्य जाते. विक्रीकरापासून जीएसटीपर्यंत प्रत्येक नव्या कायद्याने पेढीला कागद सांभाळायला शिकविले होते. धान्याची थैली कोणीही देऊ शकतो; कागद जुळवून देण्याची कला आपल्या समाजापाशी आहे आणि तिची किंमत आपल्यालाच ठाऊक नाही, हे त्यांच्या मनात आले.

दोन दिवसांनी शेठजी, आबा आणि पेढीचे वृद्ध मुनीम असे तिघे साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. आपल्या राज्यात पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि त्याच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यांतील ही कार्यालये, अशी रचना आहे. तेथे काम करणारे कल्याण संघटक पुष्कळदा स्वतःच माजी सैनिक असतात. तिथल्या संघटकांनी डिस्चार्ज बुक हाती घेताच आधी पलटण विचारली, मग खुर्ची दिली. आबांचा ताठरपणा तिथेच निम्मा सैल झाला.

त्यांनी जे सांगितले, ते प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. संरक्षण मंत्रालयाच्या केंद्रीय सैनिक मंडळामार्फत पासष्ट वर्षांवरील, हवालदार किंवा त्याखालील पदाच्या, पेन्शन नसलेल्या गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा निर्वाह अनुदान मिळते. त्या वेळी ते ४००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते ८००० रुपये झाले आहे. मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा, प्रत्येकी १००० रुपये मिळत, ते आता २००० झाले आहेत. मुलीच्या विवाहासाठीचे ५०,००० रुपयांचे साहाय्य आता एक लाख झाले आहे. औषधोपचारासाठीही वेगळी तरतूद आहे. या साऱ्यांमागे ज्या निधीचा आधार आहे, तो सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला हा दिवस पाळला जातो. आपल्या गल्ल्यापाशी छोटासा ध्वज देऊन जी वर्गणी नेली जाते, ती अशा घरांपर्यंत पोहोचते.

पण अर्जापूर्वी ओळखपत्र आणि ओळखपत्रापूर्वी नावाचा मेळ. पुढचे काही महिने मुनीमजींनी हे काम पेढीच्या कामाइतक्याच निष्ठेने केले. शाळेचा जुना दाखला शोधला. दोन्ही आडनावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र केले. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. तिथे पत्र गेले. उत्तर येईपर्यंत मुनीमजी दर सोमवारी पोस्टात चौकशी करीत. बेळगावहून उत्तर आले, त्यात आबांचा क्रमांक, भरतीची तारीख, सेवेचा काळ, सारे स्वच्छ नोंदलेले होते. चोपन्न-पंचावन्न वर्षांपूर्वी कोण्या कारकुनाने नीट लिहून ठेवलेली ती एक ओळ होती. मुनीमजी म्हणाले, “शेठ, कीर्द चोख ठेवणाऱ्याला पुण्य लागतं ते असं.”

या मधल्या काळात आबांच्या पत्नीच्या औषधांचा प्रश्न होता. शेठजींनी या वेळी थैली पाठविली नाही. त्यांनी आबांना दुकानात बोलावले आणि सांगितले, “आबा, तुमच्या आईचं खातं बंद झालं होतं. ते परत उघडू या. औषधं दुकानाच्या चिठ्ठीवर न्या. अनुदान आलं की फेडा. व्याज नाही, घाई नाही. पण खात्यावर.” आबांनी मान डोलावली. पान उघडले गेले. आबांनी स्वतः सही केली.

अनुदान मंजूर झाल्याचे पत्र आले ते पुढच्या वर्षी. पैसे बँकेत जमा झाल्यावर आबा दुकानात आले. उधारी चुकती केली. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. आणि मग जाताना म्हणाले, “शेठ, आमच्या बाजूला आणखी चौघं-पाचजण आहेत. त्यांचंही कागदात अडलंय.”

त्यातून एक लहानसे काम उभे राहिले. संस्था नाही, फलक नाही. महिन्यातून दोन रविवारी पेढीच्या मागच्या खोलीत एक टेबल आणि चार खुर्च्या मांडल्या जातात. शेठजींचा सनदी लेखापाल पुतण्या, मुनीमजी आणि एक सेवानिवृत्त सुभेदार तेथे बसतात. येणाऱ्यांच्या गरजा पाहिल्या की ध्यानात येते, त्यांत पैशाचा तुटवडा जितका, तितकाच वाटेचा. एका वीरपत्नीचे नाव पतीच्या सेवा-नोंदीत माहेरचे लागले होते, म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन रखडलेले. एका हवालदारांचे हयातीचे प्रमाणपत्र मुदतीत गेले नाही. निवृत्तिवेतनाची सारी व्यवस्था आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर आली आहे आणि त्यांना साधा भ्रमणध्वनीच वापरता येतो. एका विधवेच्या मुलीला शिक्षणासाठी शहरात राहायचे होते. सैनिकांच्या मुलामुलींसाठी शासनाची स्वतंत्र वसतिगृहे आहेत, हे तिला माहीतच नव्हते. यातली बहुतेक कामे एका दुपारची असतात. ज्याला ती येतात त्याला दुपारची आणि ज्याला येत नाहीत त्याला जन्माची.

सगळीच दुखणी कागदाने बरी होत नाहीत. रविवारच्या टेबलाशी कधी असा माणूस येतो, ज्याचे शरीरच युद्धात किंवा अपघातात मोडले आहे. त्यांच्यासाठी पुण्याच्या परिसरात जुनी, नावाजलेली ठिकाणे आहेत. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांना हातपाय बसवून देत आहे. खडकीचे क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असतानाच, जखमी सैनिकांना हाताला काम शिकविण्यासाठी निघाले. खडकीलाच १९७४ मध्ये सुरू झालेल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात कमरेखाली अधू झालेले जवान राहतात, शिकतात, खेळतात. आपल्याच सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माणसाला त्याच्या जागी उभे करणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास नको.

आपल्या समाजाने या वाटेवर पूर्वीच मोठे पाऊल टाकले आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने १९७५ मध्ये जयपूरला डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. ‘जयपूर फूट’ बसवून घेण्यासाठी येणाऱ्याकडून तेथे पैसे घेतले जात नाहीत आणि त्याची जात, धर्म, देश विचारला जात नाही. ज्या धर्मात मुंगीच्या जीवाचा विचार आहे, त्याच्या नावाने एखादा माणूस स्वतःच्या पायांवर चालत घरी जातो, याहून मोठी प्रभावना कोणती?

प्रत्येक गावाने जयपूरएवढे करावे असे नाही. पण प्रत्येक पेढीला काही ना काही करता येते. ध्वजदिनाच्या निधीला दिलेल्या देणगीला आयकरात सवलत आहे, हे आपल्या सनदी लेखापालांना ठाऊक असतेच. ज्यांच्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा खर्च करावा लागतो, त्यांच्यासाठी माजी सैनिक आणि वीरपत्नींच्या हिताचे काम कायद्याच्या सातव्या अनुसूचीतच नमूद आहे. गोदामाला विश्वासू माणूस हवा असेल, तर पस्तिशी-चाळिशीत निवृत्त झालेल्या जवानाला विचारावे. तो शिस्त, हिशेब आणि वाहन या तिन्हींची सवय घेऊन येतो. त्याला केवळ दाराशी बसवू नये, तर व्यापार शिकवावा. घरातील नव्या पिढीला, जिला संगणकावर अर्ज भरणे खेळासारखे वाटते, तिला महिन्याचा एक रविवार याकरिता मागावा. आणि सत्कार करावयाचाच असेल, तर खुशाल करावा. पण गरज सभेत उच्चारू नये आणि दिलेल्या वस्तूवर आपले नाव छापू नये.

शेवटची दोन वाक्ये शेठजींच्या आग्रहाने संघाच्या कार्यपुस्तिकेत नियम म्हणून लिहिली गेली आहेत. ती कोणत्या प्रसंगातून आली, हे तिथे नोंदलेले नाही.

आबांची पत्नी पुढे दोन वर्षे जगली. जखम भरली नाही. पण औषध चुकले नाही आणि ते कोणाच्या दयेवर घ्यावे लागले नाही. तिच्या मागे आबा एकटे झाले, तसे ते रविवारी न चुकता पेढीवर येऊ लागले. आता चौथी खुर्ची त्यांची असते. नवा माणूस बुजून दारात उभा राहिला, की सनदी लेखापालापेक्षा आधी आबाच उठतात आणि विचारतात, “पलटण कोणती?” त्या एका प्रश्नाने आलेल्या माणसाची पाठ सरळ होते. मग त्याच्या हातातली पिशवी टेबलावर येते.

जुन्या वह्यांचा गठ्ठा शेठजींनी पुन्हा माळ्यावर चढविला नाही. नवे कापड घालून तो गादीमागच्या कपाटात ठेवला आहे. दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या वहीशेजारी ती एक जुनी खतावणीही ठेवतात आणि मुलांना ते पान दाखवितात. गेल्या दिवाळीत धाकट्या नातवाने विचारले, “दादाजी, इथं तर ‘बाकी निरंक’ लिहिलंय. मग याची पूजा कशाला?”

शेठजी म्हणाले, “ते त्यांच्या बाजूचं आहे, बेटा. आपल्या बाजूचं अजून लिहायचंय.”